स्वप्न होतं, पण घराचं

साम्राज्य गेलं तसं ब्रिटिशांचं सामायिक स्वप्नही गेलं, असं म्हणतात, ते मला निम्मंच पटतं. मँचेस्टरच्या गिरणी कामगाराला साम्राज्याची स्वप्नं पडत असतील असं मला तरी वाटत नाही. त्याला हवं होतं स्वतःचं घर आणि मागे हातभर बाग. पंतप्रधान थॅचरबाईंनी हे बरोबर हेरलं. १९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाडेकरूंना राहतं घर विकत घेण्याचा हक्क मिळाला, तोही सुरुवातीला बाजारभावापेक्षा ३३ ते ५० टक्के स्वस्तात! एकट्या इंग्लंडमध्ये जवळपास २० लाख घरं अशी विकली गेली. पण त्यांच्या जागी तेवढी नवी कौन्सिलची घरं बांधलीच नाहीत, त्यामुळे आजोबांना जे जमलं ते लंडनमधल्या नातवाच्या आवाक्याबाहेर गेलं.

शिवाय 'ब्रिटिश' म्हणजे नक्की कोण? स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये घरविक्रीची ही योजना गुंडाळली, इंग्लंडमध्ये ती अजून चालू आहे. १९४८ पासूनची मोफत आरोग्यसेवा मात्र कुठल्याच भागात कोणी सोडायला तयार नाही, अगदी थॅचरबाईंच्या हुजूर पक्षाचे कट्टर मतदारसुद्धा.