मदत हवी आहे : पावसाळ्यात लिनोकटची शाई वाळत नाही

वेंगुर्ल्याला घरीच लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर ठसे काढते. सध्याच्या चित्रात तिवराच्या मुळांतून एक अख्खं गाव वर उगवलंय आणि सगळ्यात उंच कौलावर खंड्या बसलाय. ठसे उत्तम उठले, पण अकरा दिवस झाले तरी शाई बोटाला लागते. पंखांच्या गर्द काळ्या भागात तर बोट टेकवलं की चक्क रेषा उमटते.

शाई जवसाच्या तेलाची, कागद हातकागद, दाब चमच्याच्या पाठीने, प्रेस नाही. पाण्याची शाई चालणार नाही, कारण वरून जलरंग भरायचे असतात. रोलरवर शाई कमी घेऊन पाहिली, पंखा रात्रंदिवस चालू ठेवला. दोरीवर टांगले तर कागद दमट होऊन वाकले, दोन ठशांवर बुरशीचे तपकिरी ठिपके आले. एसी नाही, वीजही सारखी जाते.

शाईत कोबाल्ट ड्रायर (तेलाची शाई लवकर वाळवणारं द्रव्य) घालायचा विचार आहे. किनाऱ्यावर पावसाळ्यात ठसे काढणाऱ्यांनी सांगावं: साधारण चमचाभर शाईला किती थेंब घालता? त्याने काळा रंग तडकतो किंवा पुढे कागद पिवळा पडतो का? की बल्ब लावलेल्या बंद कपाटात वाळवणंच बरं?