मदत हवी आहे: टीबीचे उपचार सुरू होताच दिराला एचआयव्हीची जादा गोळी का दिली?

नमस्कार. माझा धाकटा दीर नऊ वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या औषधांवर, आहे. घरात हे फक्त मला आणि ह्यांना माहीत. बाटली खुळखुळू नये म्हणून तो तिच्यात कापूस कोंबतो, लेबल सोलून टाकतो. आधीच्या गोळीत एफाविरेन्झ होतं, रात्रभर भलभलती स्वप्नं पडायची, सकाळी गरगरायचं. मग टीएलडी आली: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राविर, तिन्ही एकाच गोळीत. रोज रात्री नऊला घेतो, कधी चुकवली नाही. व्हायरल लोडही (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नव्हता.

गेल्या महिन्यात खोकला हटेना, थुंकीत टीबी निघाला. टीबीच्या गोळ्यांबरोबर सेंटरवरून डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅची वेगळी बाटली मिळाली, रोज सकाळी एक. गर्दीत कारण कुणी सांगितलं नाही. "वहिनी, जुनी गोळी लागू पडेना झाली का हो?" एवढंच विचारतो. लघवी नारिंगी होते, तेही त्याला एचआयव्हीच वाढल्याचं वाटतं. काल कळलं, तीन दिवस त्याने ती जादा गोळी घेतलीच नाही. कॅल्शियमही चालू आहे. त्याला काय सांगू?

उत्तर (एआरटी सेंटरवर फार्मासिस्ट होते):

ताई, आधी त्याला ती गोळी आजपासून सुरू करायला लावा आणि तीन दिवस चुकल्याचं सेंटरला कळवा. ओरडतील म्हणून लपवू नका.

औषध हरलेलं नाही. टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं, लघवी नारिंगी होते ती त्याच्याचमुळे. ते यकृताला डोल्युटेग्राविर भराभर मोडायला लावतं, मग रात्रीची एक गोळी दिवसभर पुरत नाही. म्हणून बारा तासांनी दुसरी. टीबीचे उपचार संपल्यावरही दोन आठवडे ती चालू ठेवतात.

डोल्युटेग्राविर कमी पडलं तर टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन या बाकीच्या दोघांवरच भार येतो. ही दोन्ही विषाणूला आपली नक्कल करू देत नाहीत, डोल्युटेग्राविर त्याला पेशीच्या डीएनएत शिरू देत नाही. १९८७ मध्ये एझेडटी हे एचआयव्हीचं पहिलं औषध एकटंच द्यायचे, विषाणू बदलून त्याला दाद देईनासा व्हायचा. १९९६ पासून तीन औषधं एकत्र देऊ लागले आणि माणसं जगू लागली. त्यातलं एकही अर्धवट पडू देऊ नका.

कॅल्शियम डोल्युटेग्राविरला पोटात धरून ठेवतं. ते दुपारी दोनच्या सुमारास, जेवणासोबत द्या.

धागाकर्ती: आत्ताच फोन केला. माझ्यासमोर, फोनवरच गोळी घेतली त्याने. उद्या सेंटरला मी सोबत जातेय.