ब्रेसेस: उजवीकडची गॅप ४ महिने अडकलीये, तार सरकत नाही म्हणतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय २७, ब्रेसेस लावून दीड वर्ष झालं. वरचे दात पुढे होते म्हणून दोन्हीकडचे पहिले प्रीमोलर (सुळ्याच्या लगेच मागचे दात) काढले आणि आता ती जागा बंद करायचं चाललंय, डावीकडची जवळजवळ बंद झाली पण उजवीकडे ३ मिमीची फट आहे ती ४ महिने जशीच्या तशी. दर वेळी नवीन पॉवर चेन (दात ओढणारी रबरी साखळी) लावतात, दोन दिवस दाढ ठणकते आणि मग काहीच नाही. आरशात रोज बघून बघून आता रडू येतं खरंच.

मागच्या वेळी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, त्याच्या खाचेतून तार जाते) आणि तारेत फ्रिक्शन म्हणजे घर्षण जास्त आहे, तार सरकत नाहीये, थोडं थांबू. त्यापुढे काही बोलले नाहीत. मग मीच वाचत बसले. स्टीलच्या तारेला घर्षण सगळ्यात कमी, निकेल टायटॅनियमला त्याहून जास्त, बीटा टायटॅनियमला सगळ्यात जास्त. सिरॅमिक ब्रॅकेटला धातूपेक्षा जास्त. तार धरून ठेवणारे रबर तिला खाचेत दाबतात, त्यानेही वाढतं. माझी तार स्टीलचीच आहे, ०.०१९ बाय ०.०२५ इंच, खाच ०.०२२ ची, पुढचे सहा ब्रॅकेट सिरॅमिक आणि मागचे धातूचे. म्हणजे दोन्ही बाजूंना सगळं सारखंच आहे, मग डावीकडे सरकते आणि उजवीकडे का नाही?

अजून एक, डावीकडे शेवटच्या दाढेमागून तारेचं टोक बाहेर येऊन गालाला टोचायचं, मेण लावून झोपायचे, दोनदा कापून घेतलं. उजवीकडे एकदाही टोचलं नाही. तेव्हा बरं वाटायचं, आता कळतंय की तिकडे तार मागे आलीच नाही. मध्ये उजवीकडच्या दुसऱ्या प्रीमोलरचा ब्रॅकेट निघाला होता, तो त्याच दिवशी चिकटवून तीच तार परत घातली, बाकी काही झालेलं नाही.

सेल्फ लायगेटिंग ब्रॅकेट (रबराऐवजी स्वतःच्याच झाकणाने तार धरणारे) बदलून घेऊ का? की चेनचा जोर वाढवायला सांगू? कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, तोंड न बघता निदान सांगणार नाही पण विचार कसा करायचा ते सांगते. फ्रिक्शन हा शब्द आम्ही सरसकट वापरतो, पण तार अडते ती बहुतेक वेळा बाइंडिंगमुळे. ड्रॉवर एका बाजूने ओढला की तिरका होऊन जाम होतो ना, तसंच. दात ओढला की आधी थोडा कलतो, ब्रॅकेटच्या कडा तारेला पकडतात, मग ताठ तार दाताला सरळ करते, पकड सुटते, दात जरासा पुढे सरकतो आणि परत कलतो. असं टप्प्याटप्प्याने चालतं. म्हणून जोर वाढवा असं अजिबात सांगू नका, दात जास्त कलेल, पकड अजून घट्ट होईल आणि वर मागची दाढ पुढे यायची.

तुमचे पुढचे सहा दात तारेसकट मागे येतायत, म्हणजे तार सरकते ती फक्त दुसऱ्या प्रीमोलरच्या ब्रॅकेटमधून आणि दाढेवरच्या ट्यूबमधून (तार जाते ती छोटी नळी). सिरॅमिकला दोष देऊ नका. सेल्फ लायगेटिंगचं घर्षण लॅबमध्ये कमी दिसतं, पण पेशंटवर बघितलं तर एकूण ट्रीटमेंट त्याने लवकर संपते असं काही दिसलेलं नाही.

मला तो निघालेला ब्रॅकेट खटकतोय. परत चिकटवताना अर्धा मिमी जरी वरखाली झाला आणि लगेच जाड ताठ तार घातली तर तिथे पायरी होते आणि तार तिथेच धरली जाते. तो कधी निघाला होता? तसं असेल तर काही आठवडे लवचिक निकेल टायटॅनियम तार घालून ते दात एका रेषेत आणतात, मग परत स्टील. तेवढ्यासाठी सगळे ब्रॅकेट बदलायची गरज नाही.

प्रतिसाद २

माझी तार ट्यूबच्या आत वाकली होती, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. बदलल्यावर दीड महिन्यात फट हलली. तार पूर्ण बाहेर काढून बघायला सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जुने अपॉइंटमेंटचे मेसेज काढले, ब्रॅकेट निघाला ती तारीख आणि फट थांबली तो महिना एकच निघाला! मग चमच्याने गाल ओढून मोबाईलच्या टॉर्चमध्ये फोटो काढले. डावीकडे तार दाढेपर्यंत सरळ जाते, उजवीकडे तो ब्रॅकेट हिरडीच्या बाजूला सरकलेला आहे आणि तार त्याच्या दोन्ही बाजूंना किंचित वाकडी दिसते. गुरुवारी दोन्ही फोटो डॉक्टरांना दाखवते. फक्त एक भीती वाटते, पातळ तार घातली तर डावीकडची बंद झालेली जागा उघडणार नाही ना?

प्रतिसाद १

नाही, तेवढे दिवस त्या बाजूचे दात बारीक स्टीलच्या तारेने आठच्या आकारात एकत्र बांधून ठेवतात. गुरुवारी ते आठवणीने विचारा, आणि काय निघालं ते इथे कळवा.