सस्पेंड होताना आयटूसी रीड फेल: 'ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड' आणि -१०८

टच_ड्रायव्हर

आर्म बोर्ड, लिनक्स कर्नल ६.१. टच कंट्रोलर आयटूसीवर (चिप जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवर) आहे. इंटरप्ट लेव्हल-लो (लाइन लो असेपर्यंत येत राहणारा), थ्रेडेड हँडलर (वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा), वनशॉट फ्लॅग (हँडलर संपेपर्यंत इंटरप्ट अडवणारा) लावलेला. हँडलर थ्रेडमध्येच चिपचे रजिस्टर वाचतो. स्क्रीनवर बोट असताना सस्पेंड केले (बोर्ड झोपवला) की कधीकधी 'ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड' ही वॉर्निंग येते, रीड -१०८ देतो आणि मग तोच इंटरप्ट पुन्हापुन्हा येत राहतो. टचच्या सस्पेंड कॉलबॅकमध्ये चिपला जेश्चर मोडची (झोपेतही स्पर्श ओळखण्याची) कमांड देऊन ५० मिलिसेकंद थांबवून पाहिले, फरक नाही. स्पर्शाने बोर्ड जागा व्हायलाच हवा. बस कंट्रोलरचा ड्रायव्हरही आमच्याच हातात आहे; तो साध्या सस्पेंड कॉलबॅकमध्ये क्लॉक बंद करतो.

नोआयआरक्यू

तो डिले काढून टाका. त्याने फक्त वेळ पुढे सरकते, फट तशीच राहते.

घडते ते असे. फ्रीझर (सस्पेंडआधी प्रोसेस गोठवणारा कर्नलचा भाग) युजरस्पेसच्या प्रोसेस थांबवतो, इंटरप्ट थ्रेड थांबवत नाही. मग ड्रायव्हरांचे कॉलबॅक सस्पेंड, लेट, नोआयआरक्यू (आयआरक्यू म्हणजे इंटरप्ट) अशा टप्प्यांनी चालतात. आधी टचचा सस्पेंड होतो, मग त्याच्या पॅरेंटचा, म्हणजे बस कंट्रोलरचा. पण इंटरप्ट बंद होतात ते सगळ्यांचे सस्पेंड आणि लेट टप्पे संपल्यावर, नोआयआरक्यू टप्प्याच्या तोंडाशी. मधल्या काळात बोट लागले की हँडलर पळतो आणि क्लॉक गेलेल्या बसवर रीड मागतो. कर्नलचा आयटूसी कोअर -१०८, म्हणजे ईशटडाउन, देऊन परत पाठवतो. चिपचे स्टेटस वाचलेच गेले नाही, त्यामुळे लाइन लो राहते आणि लेव्हल इंटरप्ट लगेच परत येतो.

टच वेक सोर्स (बोर्डला जागे करणारा) नसता तर सस्पेंडमध्ये डिसेबल_आयआरक्यू() पुरले असते. ते चालू हँडलर संपेपर्यंत थांबते, म्हणून हँडलर जो म्युटेक्स (लॉक) घेतो तो हातात धरून ते बोलवू नका, डेडलॉक होईल. हँडलर वर्क (नंतर करायचे काम) क्यू करत असेल तर आधी इंटरप्ट बंद, मग कॅन्सल_वर्क_सिंक(). उलट क्रमाने केलेत तर रद्द केलेले वर्क पुन्हा रांगेत येते.

तुम्हाला वेक हवा आहे, तेव्हा टचमध्ये फक्त एनेबल_आयआरक्यू_वेक() (इंटरप्टने बोर्ड जागा होऊ देणारे) ठेवा आणि बदल कंट्रोलरमध्ये करा: क्लॉक बंद-चालू करणे नोआयआरक्यू कॉलबॅकमध्ये न्या. सस्पेंडमध्ये आधी आयटूसी_मार्क_अडॅप्टर_सस्पेंडेड(), मग क्लॉक बंद. हे फंक्शन बसचे लॉक घेते, त्यामुळे चालू ट्रान्सफर पूर्ण होऊ देते. रिझ्यूमला आधी क्लॉक, मग मार्क_रिझ्यूम्ड.

याचा खरा फायदा जागे होताना दिसतो. वेक इंटरप्ट झोपेत आला की कर्नल तो पेंडिंग ठेवतो आणि सगळे नोआयआरक्यू रिझ्यूम आटोपल्यावर, पण अर्ली रिझ्यूमच्या आधी, हँडलरकडे सोडतो. कंट्रोलर त्याआधी उठलेला नसेल तर पहिलाच स्पर्श वाया जातो.

टच_ड्रायव्हर

धन्यवाद. बदल केला, टच आता नीट चालतो. पण दुसऱ्या बसवर अ‍ॅक्सिलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) आहे, तोही वेक सोर्स. तिथे अधूनमधून -१३ येतो. कंट्रोलरचा ड्रायव्हर तोच, नोआयआरक्यूमध्ये पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड आणि फोर्स_रिझ्यूम लावले आहेत. टचला हे एकदाही आले नाही.

क्लॉक_गेट

-१३ म्हणजे ईअ‍ॅक्सेस. लेट टप्प्यात पीएम (पॉवर मॅनेजमेंट) कोअर रनटाइम पीएम, म्हणजे बोर्ड चालू असताना एकेक डिव्हाइस झोपवणे-उठवणे, बंद करतो. त्या क्षणी कंट्रोलर रनटाइम-सस्पेंडेड असेल तर पुढचा गेट (डिव्हाइस वापरात घेणारा कॉल; वापर संपला की पुट) त्याला उठवू शकत नाही. टचला हे येत नाही, कारण त्याची जेश्चर कमांड सस्पेंड टप्प्यातच कंट्रोलरला जागे करते, आणि प्रिपेअरमध्ये (सस्पेंडच्या आधीच्या टप्प्यात) कोअरने युजेज काउंट (डिव्हाइस किती जण वापरतात तो आकडा) एकने वाढवलेला असल्याने तो परत झोपत नाही. अ‍ॅक्सिलरोमीटरचा सस्पेंड बहुधा बसवर काहीच पाठवत नसेल.

कंट्रोलरच्या साध्या सस्पेंड कॉलबॅकमध्ये पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट() करा, साध्या रिझ्यूममध्ये पुट. हा जास्तीचा गेट जागे होतानाही लागतो: काउंट फक्त कोअरचा १ असेल तर फोर्स_रिझ्यूम डिव्हाइसला उठवतच नाही, 'गरज नाही' असे धरून सोडून देतो. मग पेंडिंग इंटरप्टच्या हँडलरलाही पुन्हा -१३ मिळतो.

नोआयआरक्यू

बरोबर, हा गेट माझ्या उत्तरात हवा होता.

तपासताना दोन गोष्टी सांभाळा. ती वॉर्निंग प्रत्येक अडॅप्टरला (बसला) एकदाच छापली जाते, त्यामुळे दुसऱ्या सस्पेंडला ती दिसली नाही म्हणून दोष गेला असे समजू नका. रीडचा रिटर्न कोड लॉग करा. आणि /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट मध्ये 'डिव्हायसेस' लिहून केलेली चाचणी इथे निरुपयोगी आहे, कारण ती लेट आणि नोआयआरक्यूपर्यंत पोचतच नाही. 'प्लॅटफॉर्म' लिहा. डीफॉल्ट ५ सेकंद थांबून ती परत येते. सस्पेंड सुरू होताना बोर्ड हलवत राहा, कन्सोल जागा ठेवायला बूटच्या ओळीत नो_कन्सोल_सस्पेंड द्या. 'प्लॅटफॉर्म'ची चाचणी खरी झोप घेत नाही, म्हणून वेकची खात्री मात्र खऱ्या सस्पेंडनेच करावी लागेल.