मधुमेह नाही, तरी शुगर लो होते: अनुभव धागा

रानजाई

मधुमेह नाही, त्याची गोळीही नाही. तरी जेवून दोन-तीन तास झाले की हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, पोटात खड्डा पडतो, आणि गोड काही तोंडात टाकलं की थोड्या वेळात माणूस ताळ्यावर येतो. हे ज्यांना रोज निभवावं लागतं किंवा ज्यांच्या कामाचा याच्याशी संबंध येतो, त्यांनी इथे लिहावं. कहाणी नको, कृती हवी: काय, किती, कधी, आणि कुठे फसतं.

सुरुवात मीच करते. शुगर लो झाली असं म्हणायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: लक्षणं, त्याच वेळी मोजलेली कमी साखर, आणि साखर वर आल्यावर लक्षणं जाणं. डॉक्टर याला व्हिपलचं त्रिकूट म्हणतात. मधुमेह नसलेल्या मोठ्या माणसात साखर ५५ मि.ग्रॅ. प्रति डेसिलीटरच्या खाली गेली तर शोध घ्यायचा. ७० ची रेघ मधुमेहींसाठी आखलेली आहे; निरोगी माणूस उपाशीपोटी ६५ ला बिनघोर हिंडू शकतो. म्हणून माणूस शुद्धीवर असेल आणि मीटर हाताशी असेल, तर आधी बोटाला सुई, मग साखर. मीटर शोधावा लागणार असेल तर मात्र आधी साखरच. त्या क्षणीचा आकडा लिहिलेला नसेल तर डॉक्टरांपुढे ‘चक्कर येते’ एवढंच उरतं, आणि चक्कर रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉईड, घबराट कशानेही येते.

टेस्टट्यूब

मीटरच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, ते सांगतो. घरगुती मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या खाली १५ इकडेतिकडे चालतं. म्हणजे मीटरवर ६२ दिसलं तर खरी साखर ४७ ही असेल, ७७ ही. एका आकड्यावर निदान होत नाही, चार-पाच नोंदी लागतात.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावर आकडा खोटा चढतो, ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन खोटा उतरतो. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी आठवडाभरात बिनकामाची होऊ शकते. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर बरेच मीटर साखर जास्त दाखवतात, म्हणजे खरी लो झाकली जाते.

लॅबमध्ये वेगळंच होतं. नळीत गेल्यावरही रक्तपेशी ग्लुकोज खातच राहतात, साध्या नळीत तासाला साधारण ५ ते ७ टक्के. घरून नमुना नेला, तो उन्हात दोन-तीन तास पिशवीत फिरला, की तब्येत ठणठणीत असताना रिपोर्टवर ५८ येतं. साखरेसाठी राखाडी बुचाची, फ्लोराइडची नळीच वापरली का, ते विचारा. त्या नळीतही पहिला तास-दोन तास थोडी घट होते, त्यामुळे लॅबमध्ये जाऊन दिलेला नमुना केव्हाही बरा.

कोरा चहा

एचबीएवनसी ५.२ आहे, मग काळजी नाही ना? आणि बॅगेत शेंगदाण्याची चिक्की ठेवली तर पुरते का?

टेस्टट्यूब

एचबीएवनसी तीन महिन्यांची सरासरी सांगते. दुपारी साडेतीनला वीस मिनिटं साखर कुठे गेली होती, ते तिच्यात दिसत नाही. चिक्कीचं भाकरतुकडा सांगतील.

भाकरतुकडा

चिक्की नंतर. आधी १५ ग्रॅम अशी साखर हवी, जी चावत बसावी लागत नाही आणि जिच्यात तूप-तेल नाही. चहाच्या चमच्याने सपाट तीन चमचे साखर अर्ध्या कप पाण्यात विरघळवून, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, किंवा साधं कोल्ड्रिंक १५० मिली. बाटलीवर ‘डाएट’ किंवा ‘झिरो’ असेल तर उपयोग शून्य. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा, अजून खालीच असेल तर तेवढंच परत. थरथर थांबायला साखर वर यायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळात माणूस अर्धा डबा लाडू संपवतो. मग साखर उसळते, इन्सुलिन सुटतं आणि दोन तासांनी दुसरा झटका. घेतल्याची वेळ घड्याळात बघून ठेवायची.

फसवणारे पदार्थ: चॉकलेट, पेढा, चिक्की. स्निग्धांशामुळे जठरातून हळू सरकतात. ग्लुकोज बिस्किटांत ग्लुकोज नावापुरतं. मुख्य माल मैदा, साखर आणि तेल. ओआरएसवर तर बहुतेकांचा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, पण ते लिटरभर पाण्यात. एका पेल्यात तीन ग्रॅमसुद्धा येत नाही.

साखर वर आल्यावर पुढचं जेवण तासाभरापेक्षा लांब असेल तर आता चिक्की खा, किंवा मूठभर फुटाणे, किंवा अर्धी पोळी-भाजी. हा दुसरा घास चुकवला की पहिल्याची कमाई टिकत नाही.

गाडी चालवत असाल तर आधी बाजूला घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास थांबायला सांगतात. मेंदू मागाहून सावरतो. तोच हिशेब आपणही धरावा.

सोमवारकर

झटका आल्यावर काय ते झालं. तो येऊच नये यासाठी मराठी घरातली सकाळ बदलावी लागते. सहाला दोन चमचे साखरेचा चहा आणि टोस्ट, नऊला बशीभर पोहे, आणि अकरा-साडेअकराला हात कापतात. दोन्ही वेळा पिष्ट आणि साखर, प्रथिनं नावाला. पोहे सोडायची गरज नाही. पोहे निम्मे करा, त्यात वाटीभर मोड आलेली मटकी वाफवून घाला किंवा बरोबर दोन अंडी घ्या. चहा खाण्यानंतर, साखर अर्धा चमचा.

जेवताना क्रम बदलला तरी फरक पडतो: आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि वाटीभरच. जेवणावर दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाला. उपाशीपोटी उसाचा रस आणि जिलेबी वर्ज्य. दर दोन तासांनी बिस्किटं खाणं हाही उपाय नाही, वजन तेवढं वाढतं. तीन-साडेतीन तासांनी छोटं, प्रथिनं असलेलं खाणं पुरतं.

एकादशी आणि नवरात्र: साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. खिचडी केलीच तर दाण्याचं कूट सढळ हाताने घाला आणि बरोबर वाटीभर दही घ्या. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी बरी. निर्जळी उपासाचं म्हणाल, तर ज्यांची साखर उपाशीपोटी उतरते त्यांनी तो करूच नये, घरातल्या मोठ्यांचा रोष पत्करून.

औषधपेढी

गोळ्यांचा डबा तपासा, आणि आपलाच नव्हे, घरातल्या सगळ्यांचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची गोळी सासऱ्यांच्या पट्टीतून चुकून घेतली तर साखर चोवीस तास किंवा जास्तही पुन्हा पुन्हा पडू शकते. अशा वेळी घरी सरबत पाजत बसू नका, ॲडमिट व्हा.

मुंग्या येतात म्हणून मिथाइलकोबालामिनबरोबर (बी-१२ जीवनसत्त्व) अल्फा लिपोइक ॲसिड असलेल्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. काही थोड्या लोकांत त्यामुळे इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ती इन्सुलिन धरून ठेवतात आणि भलत्या वेळी सोडतात. थायरॉईडच्या कार्बिमाझोलनेही हे होतं. जपानमध्ये १९७० मध्ये याचं पहिलं वर्णन झालं. मलेरियाचं क्विनाइन, सांधेदुखीचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, क्विनोलोन गटातली अँटिबायोटिक्स हीही साखर उतरवू शकणाऱ्यांच्या यादीत. रक्तदाब-धडधडीसाठी दिली जाणारी प्रोप्रानोलॉलसारखी औषधं धडधड आणि थरथर झाकतात, घाम मात्र येतो. अशांनी घामाकडे लक्ष ठेवावं. ताकदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांत मधुमेहाचं औषध मिसळलेलं सापडलं आहे, सिंगापुरात २००८ मध्ये. आणि रिकाम्या पोटी दारू: यकृताचं नवं ग्लुकोज बनवणं ती अडवते, झटका काही तासांनी झोपेत येतो.

रानजाई

वजन कमी करायच्या जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर ज्यांना जेवणावर एक ते तीन तासांनी असं होतं, त्यांच्यातल्या काहींना अकार्बोज देतात. त्या गोळीवर असताना चहातली साखर आणि बिस्किटं वेळेवर चढत नाहीत, कारण साखर फोडणारं आतड्यातलं विकरच ती गोळी रोखते. शुद्ध ग्लुकोज पावडरच जवळ ठेवा.

आणखी एक. जेवणानंतर होणारं बहुतेक आहाराने आटोक्यात येतं. पण पहाटे, उपाशीपोटी किंवा व्यायामानंतर होत असेल, बोलणं अडखळत असेल, विचित्र वागणं किंवा अंधुक दिसणं असेल, तर एंडोक्रिनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचा डॉक्टर) गाठा. तिथे रुग्णालयात देखरेखीखाली ७२ तासांपर्यंतचा उपास होतो, आणि साखर ५५ च्या खाली गेली की त्याच रक्तात इन्सुलिन, सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवताना सुटणारा तुकडा) आणि कीटोन (चरबी जळताना बनणारे पदार्थ) मोजतात. साखर खाली असताना इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट प्रति मिली किंवा वर असेल तर इन्सुलिनोमाचा, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन सोडणाऱ्या गाठीचा, शोध सुरू होतो. ती गाठ दुर्मीळ आहे, पण शस्त्रक्रियेने बहुधा बरी होते. बरेच महिने स्टेरॉइड घेऊन अचानक थांबवलं असेल तर सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) आधी तपासा. ग्लुकोज पाजून केलेल्या पाच तासांच्या चाचणीवर मात्र निदान करू नये. निरोगी माणसांतही तिच्यात साखर पडते.

कोरा चहा

आणि माणूस बेशुद्धच झाला तर?

औषधपेढी

तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी नाही, साखर नाही. ते श्वासनलिकेत जातं. आकडी आली की लोक कांदा हुंगवतात, चप्पल धरतात, त्यात वेळ जातो. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. ‘शुगर लो असू शकते’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे येणारा डॉक्टर आधी साखर बघेल आणि शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) देईल. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: नाव, घरचा नंबर, ‘मधुमेह नाही, साखर उतरते’, आणि चालू औषधं. चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घाला, घामाने शाई पुसते.