मदत हवी आहे : विद्यापीठाच्या नावाचे २३ टी-शर्ट, फुटबॉल वगळून

उन्हाळी_वाळवण

नमस्कार मंडळी. प्रश्न टी-शर्टचा आहे, तेव्हा आधी हसून घ्या.

२००६ साली मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठातून इलेक्ट्रिकलमध्ये एमएस केलं. नाव लिहीत नाही. यंदा वीस वर्षं झाली म्हणून आमची तेव्हाची मराठी गँग डिसेंबरात पुण्यात भेटतेय, एकूण २३ जण. सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालायचे ठरलं आणि उत्साहाच्या भरात मी ‘मी बघते’ म्हणून बसले.

विद्यापीठाच्या ऑनलाइन दुकानात गेले. फुटबॉल, बास्केटबॉल, कुस्ती, जिकडेतिकडे संघाचं चिन्ह (मॅस्कॉट) असलेला तो गुरगुरणारा प्राणी. बाळाचं लाळेरं आहे, कुत्र्याचा पट्टा आहे, पावावर प्राण्याचं तोंड उमटवणारा टोस्टरसुद्धा आहे. ‘इंजिनिअरिंग’ शोधलं तर एकच राखाडी टी-शर्ट, तोही फक्त स्मॉल. वीस वर्षांनी स्मॉल कोणाला होणारे! बायकांचा विभाग म्हणजे तोच माल गुलाबी रंगात आणि कमरेत घट्ट.

नमुना म्हणून पासष्ट डॉलरची एक हुडी मागवली. तिसऱ्या धुण्याला प्राण्याचा डावा डोळा निघून आला, ड्रायरच्या जाळीवरच्या कापसात सापडला. दुकानाला फोटो पाठवला, तर धुतलेला माल परत घेत नाही म्हणे. अहो, न धुता डोळा पडणार हे कळायचं कसं? विद्यापीठ म्हणतं दुकान बाहेरच्या कंपनीकडे आहे. माजी विद्यार्थी कार्यालयाला सविस्तर लिहिलं, तर उत्तरात देणगीची लिंक आली.

मला खरा राग त्याचाच आहे. दर पंधरवड्याला ‘आपण एक कुटुंब’ अशी मेल येते आणि वर फोटो स्टेडियमचा. आम्ही स्टेडियमात कधी पाऊल टाकलं नाही. उलट सामन्याच्या शनिवारी आमचं टेनिस बॉल क्रिकेट बंद पडायचं, कारण ते पार्किंग लॉटमध्ये चालायचं आणि तिथे गाड्या लागायच्या. आमची लॅब ज्या तळघरात होती त्याचा फोटो वीस वर्षांत एकदाही आला नाही. पूर्वी लेटरहेडवर घड्याळाचा मनोरा असायचा, आता तिथेही प्राणी बसलाय.

तर मला तो जुना मनोरा आणि विभागाचं नाव हवंय. पुण्यातला प्रिंटर म्हणतो, ‘मॅडम, चित्र पाठवा, चार दिवसांत देतो.’ असं परस्पर छापलं तर चालतं का? परवानगी मागायची तर कोणाकडे? कोणी केलंय का हे?

गवती_चहा

केलंय, आमच्या बॅचसाठी. माजी विद्यार्थी कार्यालयाचा नाद सोडा, त्यांचं काम देणग्यांचं. तुम्हाला हवंय ट्रेडमार्क लायसन्सिंग बघणारं कार्यालय. नाव, प्राणी, अक्षरं सगळी नोंदणीकृत असतात आणि परवाना असलेला प्रिंटरच ती छापू शकतो, घाऊक किमतीवर विद्यापीठाला रॉयल्टी देऊन. मात्र बऱ्याच ठिकाणी विभाग किंवा मान्यताप्राप्त माजी विद्यार्थी गटाला विक्रीसाठी नसलेल्या कपड्यांची वेगळी परवानगी मिळते, कधी रॉयल्टीही माफ होते. तेव्हा अर्ज स्वतःच्या नावाने न करता विभागामार्फत करा. गोल शिक्का मागू नका, तो सहसा पदव्या आणि अधिकृत कागदांसाठी राखून ठेवतात.

आणि ही मंडळी किती चोख असतात ते बघा. ओहायो स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये कपड्यांवरच्या ‘द’ या शब्दाचा ट्रेडमार्क मिळवला. नुसता ‘द’!

उन्हाळी_वाळवण

‘द’?? धन्य आहे. मग नाव टाळून नुसते आमचे दोन रंग आणि जुना मनोरा टाकला तर?

तिरफळ

जपून. स्मॅक ॲपरल नावाची कंपनी विद्यापीठांची नावं आणि लोगो न वापरता त्यांच्या रंगांत, सामन्यांचे संदर्भ टाकून टी-शर्ट विकायची. लुईझियाना स्टेट, ओक्लाहोमा, ओहायो स्टेट आणि सदर्न कॅलिफोर्निया या चौघांनी मिळून खटला भरला आणि २००८ मध्ये अपील कोर्टातही जिंकला. जुन्या चिन्हांचंही तेच. पेन स्टेटची जुनी चित्रं छापून विकणाऱ्या व्हिंटेज ब्रँडच्या विरोधात २०२४ च्या नोव्हेंबरात ज्युरीने निकाल दिला. हे दोघेही धंदा करत होते, तुम्ही नाही, हा मोठा फरक. तरी मनोरा लेटरहेडवर होता म्हणजे नोंदवलेला असू शकतो. आधी विचारा.

पाटा_वरवंटा

ताई, खेळाचाच माल का दिसतो त्याचं उत्तर पैशात आहे. खेळाडूंनी कॉलेज खेळांच्या संघटनेवर (एनसीएए) भरलेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीनंतर २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादाच एका विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ते कुठूनतरी उभे करायचे, मग टोस्टर विका नाहीतर लाळेरी. तळघरातल्या लॅबच्या नावाने टोपी कोण घेणार?

उन्हाळी_वाळवण

आम्ही २३ जण घेणार!

डबा_पार्टी

एकटीने मेल केली की ती कोणीतरी बंद करून टाकतं. तेविसांच्या सह्यांचं पत्र विभागप्रमुखांना पाठवा, डोळ्याचा फोटो जोडा. आरडाओरडा केला की फरक पडतो. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने नवा लोगो आणला, विरोधात ५० हजारांवर सह्या जमल्या आणि डिसेंबरात त्यांनी तो मागे घेतला. त्याहून मोठं म्हणजे होंडुरासमध्ये कॉलेजांचे कपडे बनवणाऱ्या रसेल कंपनीने कामगारांनी संघटना केल्यावर कारखाना बंद केला होता, तेव्हा विद्यार्थ्यांच्या रेट्यामुळे एकामागून एक विद्यापीठांनी तिचे परवाने तोडले. २००९ च्या नोव्हेंबरात कंपनीला सुमारे १,२०० कामगारांना पुन्हा कामावर घेण्याचं मान्य करावं लागलं. कॉलेजचे कपडे हा त्यांचा दुखरा भाग आहे, तिथे बोट ठेवा.

किल्लेदार

पत्र जरूर पाठवा, पण डिसेंबर गाठायचा असेल तर माझं ऐका. विद्यापीठाचं काहीच टाकू नका. तुमचं जे आहे ते देवनागरीत टाका. ‘तळघर लॅब, २००४–०६’. मागे पार्किंग लॉटमधले स्टंप. म्हणजे तुम्ही काय वापरायचात स्टंप म्हणून?

उन्हाळी_वाळवण

कचऱ्याचा निळा डबा. आणि नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला एकाचा स्नो बूट. थांबा, ग्रुपवर टाकते.

…

तासाभरात १९ अंगठे आले. उरलेल्या चौघांचं भांडण शर्ट काळा की निळा यावर चाललंय. विद्यापीठाचे रंग कोणाला सुचलेही नाहीत. विभागाकडे पत्र तरीही जातंय, सह्या गोळा करतेय. तिरफळ, मसुदा झाला की नजर टाकाल का?

आणि शेवटची मदत. हुडीचा तो डोळा डबीत ठेवलाय. फेविक्विकने कापड कडक होतं का?

पाटा_वरवंटा

होतं. बटण शिवा.