साथ आली तर रविवारची उपासना कशी चालवावी?

प्रश्न: जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत दर रविवारी साधारण १२० माणसं येतात, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. मंदिर, म्हणजे चर्चची इमारत, जुनं दगडी, १५ × ८ मीटर, उंची ५ मीटर. तापाची, श्वसनाची साथ आली तर चर्च बंदच करायचं का? प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचं काय? पास्टरेट कमिटीसमोर (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) ठोस काहीतरी ठेवायचं आहे.

उत्तर १: आधी हवेकडे बघा, बाकं पुसणं नंतर. अमेरिकेत स्कॅजिट काउंटीत १० मार्च २०२० ला एका गायनवृंदाचा अडीच तास सराव झाला. ६१ जण होते, त्यातले ५३ कोविडने आजारी पडले, दोघे दगावले. म्हणून साथीत कॉयर आणि मोठ्याने गाणं पहिलं थांबवा. एकाने गावं, बाकीच्यांनी मनात म्हणावं.

तुमच्या मंदिरात ६०० घनमीटर हवा मावते. ती तासाला सहा वेळा बदलायची तर ३६०० घनमीटर हवा बाहेर पडली पाहिजे. एक्झॉस्ट फॅन तासाला किती हवा काढतो हा आकडा खोक्यावर असतो, त्यावरून किती लागतील ते काढा. फॅन एका टोकाला, उघड्या खिडक्या दुसऱ्या टोकाला. छताचा पंखा आतलीच हवा फिरवतो, त्यावर विसंबू नका. कार्बन डायऑक्साइड मीटर मधल्या बाकावर ठेवा आणि शेवटच्या गीताच्या वेळी वाचा: आकडा ८०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ८००) वर गेला तर माणसं कमी करा. दोन उपासनांमध्ये अर्धा तास फॅन चालू आणि दारं उघडी.

उत्तर २: प्रभुभोजनाबद्दल. एकाच पेल्यात भाकर बुडवणं सुरक्षित वाटतं, पण बोटं द्राक्षरसाला लागतात. लहान पेले वापरा: एकावर एक दोन, खालच्यात भाकर, वरच्यात द्राक्षरस. मास्क लावलेल्या एकानेच आधी भरून ताट स्वच्छ कापडाने झाकावं, ज्याने त्याने आपला पेला उचलावा. पेले स्टीलचे असतील तर नंतर दहा मिनिटं उकळा.

कॉलरासारख्या साथीत फरशी पुसायला ५ टक्क्यांचं ब्लीच ४० मिली, पाणी ९६० मिली. रोज ताजं करा, कारण क्लोरीन उडून जातं. टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. पितळी मेणबत्तीदानाला लावलं तर ते काळं पडतं. आणि सॅनिटायझर लावलेला हात पूर्ण वाळल्याशिवाय मेणबत्ती पेटवायची नाही. दाराशी हस्तांदोलन नको, हात जोडून सलाम पुरे.

उत्तर ३: वरचं सगळं बरोबर, पण मंडळी खरी कोलमडते ती यादी नसल्यामुळे. आजच वही करा: घर, फोन, एकटं राहतं का, रोजची औषधं, जवळचा नातेवाईक. दर दहा घरांमागे फोन करणारा एक, आणि त्याला बदली एक, कारण तोही आजारी पडतोच. वहीची एक प्रत पाळकसाहेबांकडे, एक सेक्रेटरींकडे. यादी एकाच्याच मोबाईलमध्ये राहिली आणि तोच अॅडमिट झाला की सगळं अडतं.

आजारी घरी जेवणाचा डबा न्यायचा तर तो दारात ठेवायचा, बेल वाजवून दोन पावलं मागे, माणूस दारात दिसेपर्यंत थांबायचं. दार उघडलं नाही तर लगेच नातेवाइकाला फोन.

व्यासपीठावरून स्पष्ट सांगा: ताप असलेल्याने घरी थांबणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. प्रार्थना करा आणि डॉक्टरकडे जा. हे पाळकांनीच बोलायला हवं, सूचनाफलकावरची चिठ्ठी कोणी मनावर घेत नाही.